होडी गाडीवर चढवताना

पैठणजवळचे जायकवाडीचे धरण तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या मागे साठलेल्या पाण्याला नाथसागर म्हणतात. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते या धरणाची कोनशिला बसली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आम्ही त्या वेळी शाळेत शिकत होतो. जायकवाडी हे नाव बीड जिल्ह्यातल्या एका गावाचे. धरण आधी तिकडे व्हायचे होते. पुढे जागा बदलली, पैठणला आली. नाव मात्र जुनेच राहिले.

पाणी आले, त्यात गावे गेली, जमिनी गेल्या. आणि ज्या मुलखात माणसे विहिरीत पोहायला शिकत, तिथे होड्या आल्या. भोई समाज गोदावरीवर पिढ्यान्‌पिढ्या मासे धरीत होताच. आता इतरही पुष्कळ लोक या धंद्यात आले.

पण मराठवाड्याला होडी अगदीच नवी, असे मात्र कोणी समजू नये. पैठण ही सातवाहनांची राजधानी. त्यांच्यातल्या यज्ञ सातकर्णी राजाच्या नाण्यावर डोलकाठ्यांचे जहाज आहे. अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेण्यात जहाजाचे चित्र आहे, ते कधी गेलात तर जरूर पाहा. एका जुन्या ग्रीक पुस्तकात असे लिहिले आहे, की पैठणचा माल गाड्यांत भरून खडबडीत रस्त्याने भडोचला नेत आणि वाटेत वीस दिवस लागत. म्हणजे गाडी आणि जहाज यांची गाठ इथे दोन हजार वर्षांपूर्वीही पडत होती.

आज आपण अशीच एक गाठ पाहू. होडी ट्रॉलीत चढवताना तिचा तळ खरचटतो. तो कसा वाचवावा, एवढाच आपला विषय आहे. दिसायला तो लहान आहे. तो किती मोठा आहे, ते आम्हांला आमच्या गावच्या एका मामांमुळे कळले.

हे मामा आमच्या नात्याचे नव्हेत. सारा गाव त्यांना मामाच म्हणतो. त्यांची फायबरची होडी होती. नाथसागर परातीसारखा पसरट आहे. पाणी थोडे उतरले, तरी काठ लांब जातो. कार्तिकात होडी घराजवळ बांधावी, तर वैशाखात पाणी कोसभर दूर! मधल्या ओल्या जमिनीत लोक गाळपेर करतात. त्या वर्षी पाणी फारच हटले. मामांनी भाड्याने ट्रॅक्टर-ट्रॉली आणली. आठ पोरांनी होडीला दोर बांधला आणि हां हां म्हणता ओढून ट्रॉलीत घातली. ओढताना एकदा कर्र असा आवाज झाला. कोणी लक्ष दिले नाही.

ट्रॉलीच्या मागच्या लोखंडी कडेने होडीच्या बुडावर वीतभर ओरखडा उठला होता. मामांनी तो पाहिला. म्हणाले, "रंगच गेलाय. चालतंय."

पुढे पावसाळ्यात होडी जड वाटू लागली. वल्हे मारताना दम लागे. मामांना वाटले, वय झाले. भाद्रपदात एकदा बाप-लेक जाळी काढायला गेले. वारा सुटला, लाटा उठल्या. लाटेवर होडी आपटली आणि ओरखडा होता तिथेच चीर पडली. पाणी आत येऊ लागले. लेक डब्याने पाणी उपसत होता, मामा वल्ही मारत होते. पाण्यात अर्ध्या बुडालेल्या बाभळीच्या एका झाडापर्यंत ते कसेबसे पोचले. दुसऱ्या होडीवाल्यांनी त्यांना दोन तासांनी काढले. अंगावर तरंगणारे जाकीट दोघांच्याही नव्हते. जाळी गेली. होडी गेली. माणसे वाचली.

मग मामा आमच्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, रंग गेल्यानं होडी कशी काय फुटती, ते सांगा."

आम्ही शाळामास्तर. आम्हांला होडीतले काय कळणार? पण प्रश्न विचारला की उत्तर शोधायचे, ही जुनी खोड आहे. शोधले ते असे.

फायबरची होडी म्हणजे काचेच्या बारीक धाग्यांची चटई. ती रेझीन नावाच्या चिकट द्रवात भिजवून थरावर थर बसवतात. द्रव वाळून टणक होतो. भिंतीत जसा कुडाचा सांगाडा आणि वरून गिलावा, तसे हे समजा. सर्वांत बाहेर गुळगुळीत रंगीत थर असतो. त्याला जेलकोट म्हणतात. तो जाडीने पोस्टकार्डाहून थोडा जास्त, इतकाच असतो. आपण त्याला रंग समजतो. पण तो रंग नव्हे, ती होडीची कातडी आहे. पाणी आत शिरू न देणे हे तिचे काम.

कातडी फाटली की पाणी धाग्यांपर्यंत जाते. दिव्याची वात तेल ओढते ना, तसे ते पाणी धाग्यांच्या कडेकडेने आत ओढले जाते. थर एकमेकांपासून सुटू लागतात. होडी पाणी पिऊन जड होते. म्हणून मामांना दम लागत होता. वयाचा दोष नव्हता. सुटलेल्या थरांत बळ राहत नाही. लाटेचा धक्का बसला की तिथेच चीर पडते.

लाकडी होडीचेही तेच. डांबर किंवा तेल खरवडले गेले, की फळीत पाणी मुरते आणि ती कुजते. पत्र्याच्या होडीवर जस्ताचा मुलामा असतो. तो निघाला की गंज चढतो. थर्माकोलचे तराफे तर नुसते मुरमावर ओढले तरी त्यांचे मणी सुटतात. त्यांना होडी म्हणूच नये आणि त्यांवर पोरेबाळे तर मुळीच बसवू नयेत.

आता हिशेब पाहा. होडी पाण्यात असते, तेव्हा पाणी तिला खालून सगळीकडे सारखे उचलून धरते. आई लेकराला दोन्ही हातांवर घेते, तसे. जमिनीवर आली की ती चार-दोन ठिकाणीच टेकते. समजा, होडीचे वजन २०० किलो आहे. त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे ५० किलो, ट्रॉलीतल्या एका बोल्टाच्या डोक्यावर आला. बोल्टाचे डोके १ चौरस सेंटिमीटर धरा. म्हणजे सिमेंटचे एक भरलेले पोते आपल्या अंगठ्याच्या नखावर ठेवल्यासारखे झाले! नख राहील काय?

आता तीच होडी दोन लाकडी फळ्यांवर ठेवा. प्रत्येक फळी १० सेंटिमीटर रुंद आणि होडीला ३ मीटरपर्यंत टेकलेली. दोन्ही मिळून ६,००० चौरस सेंटिमीटर जागा झाली. २०० किलो म्हणजे २ लाख ग्रॅम. भागाकार केला तर एका चौरस सेंटिमीटरवर ३३ ग्रॅम येतात. होडी गोलाईची, ती सगळीकडे टेकणार नाही. अर्धीच टेकली असे धरले, तरी ६६ ग्रॅम. छटाकभर म्हणा ना. कुठे पोते आणि कुठे छटाक! होडी तीच, वजन तेच. टेकण्याची जागा वाढवली, एवढेच.

हे एकदा मनात बसले की पुढच्या सगळ्या युक्त्या तुमच्या तुम्हांला सुचतील. परदेशांत होड्या नेण्यासाठी वेगळ्याच गाड्या असतात. त्यांवर गालिचा लावलेल्या लांब फळ्या नाही तर रबराचे रूळ बसवलेले असतात. तीही हीच युक्ती. आपल्याकडे ऊस वाहायची ट्रॉली असते. तिच्यातच सोय करायची.

सर्वांत आधी ट्रॉली झाडा. अगदी झाडूने झाडा. तिच्यात मुरूम, विटांचे तुकडे, खिळे पडलेले असतात. आपल्या भागातला काळा दगड फार टणक. हरभऱ्याएवढा खडा होडीखाली राहिला, तर तोच बोल्टाचे काम करतो. मग हाताने चाचपून पाहा. कुठे बोल्ट वर आला आहे, कुठे पत्रा फाटून त्याची धार वर वळली आहे. ती धार हातोडीने बसवावी.

त्यानंतर मागची कड. बहुतेक होड्या इथेच मार खातात. होडी वर चढताना अर्धी आत आणि अर्धी बाहेर असते. त्या वेळी तिचा सारा भार या एका कडेवर येतो, आणि वरून आपण ओढत असतो! या कडेवर जुन्या टायरची लांब पट्टी उलटी घालून तारेने घट्ट बांधावी. तारेची गाठ खालच्या बाजूला घ्यावी. वर घेतली तर तीच ओरखडे काढील. ट्रॉलीचा मागचा फाळका नुसता खाली सोडू नये, काढूनच ठेवावा. त्याचे बिजागर आणि कड्या फार वाईट.

ट्रॉलीच्या तळावर दोन लांब फळ्या होडीच्या लांबीत ठेवाव्यात. फळ्यांना वरून खिळे मारू नयेत. मारलेच तर त्यांची डोकी लाकडात खोल बसवावीत. फळ्यांवर गोणपाटाच्या घड्या घालाव्यात, किंवा कडबा भरलेली पोती अंथरावीत. ट्रकच्या जुन्या ट्यूबा थोडी हवा भरून ठेवल्या, तर फारच उत्तम. घरच्या बायकांनी जुनी गोधडी दिली तर तीही चालेल. पण विचारून घ्यावी!

गोणपाटाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. वाळूत पडलेले गोणपाट तसेच उचलून घालू नका. त्याच्या विणीत वाळू बसलेली असते. असे गोणपाट म्हणजे सुताराचा पॉलिशचा कागदच. वाट लांब असेल, तर धक्क्याधक्क्याला ते होडी घासत राहते. मऊ म्हणून घातले आणि त्यानेच कातडी सोलली, असे होते.

होडीला खाली मधोमध कणा असेल, तर मुख्य भार कण्यावर यावा. कण्याखाली तिसरी जाड फळी द्यावी. बाजूच्या फळ्या फक्त होडी कलू नये म्हणून. कणा नसेल आणि बूड सपाट असेल, तर आधार जितका पसरेल तितका बरा. आतून होडीला जिथे आडव्या पट्ट्या असतात, त्या जागी ती मजबूत असते. दोन पट्ट्यांच्या मधल्या पातळ जागेला टेकू देऊ नये.

आता चढवणे. आधी होडी रिकामी करावी. जाळी, मासे, बर्फ, नांगराचा दगड, सगळे काढावे. आत साठलेले पाणी उपसावे. एक घागर पाणी म्हणजे दहा-पंधरा किलो वजन. आपण ते फुकट का उचलायचे? मग बुडाला चिकटलेला चिखल आणि वाळू धुऊन काढावी.

काहीजण म्हणतात, ट्रॉलीच पाण्यात घाला, म्हणजे होडी तरंगत येऊन आपोआप बसेल. ही रीत सर्वांत उत्तम आहे, यात शंका नाही. होडीला ओरखडा उठायचे कारणच राहत नाही. पण काठ पक्का पाहिजे. दगडी घाट किंवा कडक मुरूम असेल तरच हे करावे. चाके लांबून येऊन तापलेली असतील, तर थोडी निवू द्यावीत. तापलेले बेअरिंग एकदम थंड पाण्यात गेले, तर ते पाणी आत ओढते. नाथसागराच्या काठी बहुतेक ठिकाणी गाळ आहे. वरून वाळलेला दिसतो, आत दही असते. तिथे ट्रॅक्टर घालू नये. रुतलेल्या ट्रॅक्टरला नेट लावून जोर दिला, की त्याची पुढची चाके उचलतात आणि तो चालकाच्या अंगावर मागे उलटतो. होडीचे खरचटणे वाचवायला जाऊन माणूस गमावायचा, हा कुठला हिशेब?

तेव्हा गाळ असेल तर ट्रॉली कडक जमिनीवरच ठेवावी. चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावावेत. मागच्या कडेपासून जमिनीपर्यंत दोन जाड फळ्या उतरत्या लावाव्यात. ट्रॉली तीन फूट उंच असेल, तर फळ्या बारा फुटांच्या तरी हव्यात. आखूड घेतल्या की चढ उभा होतो आणि होडीचे नाक कडेवर आपटते. फळ्यांची वरची टोके ट्रॉलीला बांधावीत, नाही तर ऐन वेळी त्या निसटतात.

फळ्यांवर साबणाचे पाणी टाकावे. त्याहून झकास म्हणजे केळीचे खुंट. केळीचा खुंट मऊ, रसाळ आणि निसरडा. फळ्यांवर ते आडवे टाकले, की होडी लोण्यावरून गेल्यासारखी सरकते. खुंट चेंगरतो, होडीला काही होत नाही. कोकणात मोठ्या होड्या ओंडक्यांवरून वर घेतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारी बंद असते. त्या दिवसांत काठावर ओळीने शाकारलेल्या होड्या आम्ही पाहिल्या आहेत. एकही होडी थेट वाळूत टेकलेली नव्हती. खाली लाकूड होतेच.

होडी लहान असेल आणि माणसे पुरेशी असतील, तर ओढूच नये, उचलावी. दोन रुंद पट्टे होडीखालून घालावेत, एक पुढे आणि एक मागे. पट्ट्यांत बांबू घालून पालखीसारखी उचलावी. आपल्या पैठणला नाथषष्ठीला पालख्या कशा उचलतात ते पाहिलेच असेल. सगळे एका हाकेला उठतात, एका हाकेला टेकतात. इथेही एकानेच हाक द्यावी. चौघे ओरडू लागले की एक बाजू आधी उठते आणि होडी दुसऱ्या बाजूला आपटते. पाठ वाकवून उचलू नये, गुडघे वाकवून उचलावे. होडी आणि ट्रॉली यांच्या मध्ये हात कधीही घालू नये. फळ्यांवरून चढवत असाल तर होडीच्या पाठीमागे कोणी उभे राहू नये. मागून एक दोर धरून ठेवावा, म्हणजे ती परत घसरणार नाही.

चढली, म्हणजे काम झाले असे समजू नका. चढवताना जितके खरचटते, तितकेच वाटेत घासून खरचटते. ट्रॉलीला स्प्रिंग नसते. प्रत्येक खड्ड्याला होडी बोटभर उडते आणि पुन्हा बसते. म्हणून ती बांधली पाहिजे. पण करकचून नव्हे. करकचून बांधली तर कडा आत दबतात आणि बुडाला बाक येतो. दोर जिथे कडेवरून जातो, तिथे त्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा द्यावा. अंबाडीचा किंवा काथ्याचा दोर ओला असताना बांधला, तर तो वाळल्यावर सैल पडतो. नायलॉनचा दोर ताणला जातो. म्हणून दोर कोणताही असो, कोसभर गेल्यावर थांबून एकदा हात लावून पाहावा. होडीत इंजिन, नांगर, पहारी टाकून नेऊ नयेत. त्या आतून आपटतात. होडी ट्रॉलीबाहेर आली असेल, तर टोकाला लाल फडके बांधावे. रात्री नेऊच नये.

उतरवल्यावर बूड तपासावे. डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. जुने सुती फडके बुडावरून हलके फिरवावे. जिथे धागा अडकेल, तिथे ओरखडा आहे. मग रुपयाच्या नाण्याने टिचक्या मारीत जावे. चांगल्या जागी टणटण वाजते. थर सुटले असतील, तिथे बद्द वाजते. मडके घेताना आपण वाजवून घेतो, तसेच हे.

ओरखडा सापडला तर काय करावे? नुसता वरवरचा असेल, तर धुऊन, वाळवून, वर जेलकोटचा हात द्यावा. धागे दिसत असतील तर होडी पाण्यात घालू नये. आधी ती सावलीत चांगली वाळू द्यावी. ओलीवर लावलेले रेझीन धरत नाही. मग जागा घासून, पुसून काचेची चटई आणि रेझीन लावावे. हे काम जाणत्याकडून करून घ्यावे. घरी करणाराने एक गोष्ट जिवापलीकडे ध्यानात ठेवावी. रेझीन वाळायला दोन औषधे लागतात, कोबाल्ट आणि हार्डनर. ही दोन्ही एकमेकांत थेट कधीही ओतू नयेत. भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझीनमध्ये नीट ढवळून घ्यावे, मग हार्डनर घालावे. काम उघड्यावर करावे, हातमोजे घालावेत, आणि जवळ बिडी पेटवू नये. एम-सीलसारखी लुगदी लावून एखादा दिवस निभावतो, पण ती दुरुस्ती नव्हे.

मामांनी पुढे जुनी होडी घेतली. तिच्या कण्याला गावातल्या सुताराने लाकडाची पट्टी बसवून दिली आहे. बैलाच्या खुराला पत्री मारतात ना, तशीच ही. घासायचे ते पट्टीने घासावे, झिजली की बदलावी. स्क्रूची भोके मात्र आधी रेझीनने बुजवून घेतली, नाही तर तिथूनच पाणी आत गेले असते.

आता पाणी हटले, की मामा आम्हांला बोलावतात. आमच्याकडे काम एकच, हाक द्यायची. गेल्या खेपेस सगळे नीट झाले. उतरल्यावर मामांनी फडके फिरवले, कुठे अडकले नाही. मग दोघांनी मिळून गोणपाटे पाण्यात खळबळून काढली आणि बाभळीवर वाळत घातली.